फुल्ली-गोळ्याचे नियम बदलायचे तर

पावसाळ्यात लाईट गेली की पडवीत वही-पेन निघतं. पण फुल्ली-गोळा दोघंही जपून खेळले तर डाव बरोबरीतच सुटतो. तो रंगवायचा तर एका वेळी एकच नियम बदला. दोन-तीन एकदम बदलले की खेळ नेमका कशाने बिघडला ते सापडत नाही.

सुरुवातीला गोळा बाद करा. दोघांनीही फुल्लीच मारायची. ज्याच्या हातून तीनची ओळ पुरी होईल तो हरला. ९ घरं भरायच्या आत ओळ होणारच, म्हणजे बरोबरी संपली.

आता यातली खोट. पहिल्याने मधलं घर धरलं आणि पुढे समोरच्याच्या प्रत्येक फुल्लीपासून बुद्धिबळातल्या घोड्यासारखं अडीच घरांवर गेला, तर तो हमखास जिंकतो. समजा, तुम्ही मधे. समोरचा वर डाव्या कोपऱ्यात. तुम्ही खालच्या ओळीत मधे. तो वर उजव्या कोपऱ्यात गेला, की तुम्ही मधल्या ओळीत डावीकडे. उरलेल्या चारांपैकी कुठलंही घर घेतलं तरी त्याची ओळ होते.

पोरांना ही युक्ती लवकर कळते. मग शेजारी दुसरा चौकोन आखा. आपल्या पाळीला कुठल्याही एका चौकोनात फुल्ली. ओळ झाली की तो चौकोन बंद. शेवटचा चौकोन ज्याच्या हातून बंद होईल तो हरला. इथे नुसत्या घोड्याच्या चालीवर भागत नाही.

ठिपके जोडून चौकटी करताना ४ बाय ४ ठिपके घ्या: २४ रेघा, ९ चौकटी, म्हणून दोघांत बरोबरी होत नाही. चौकट केल्यावर मिळणारी जादा पाळी मात्र काढू नका. ती काढली की चौकटींची लांबलचक रांग एकट्याला मिळत नाही, आणि सगळी गंमत त्यातच असते.

नाव-गाव-फळ-फूलमध्ये ‘मासा’ हा रकाना वाढवा आणि गाव रायगड ते सिंधुदुर्गातलंच धरा. ‘ब’ आला की सगळेच बांगडा लिहितात आणि प्रत्येकी ५ गुणांवर राहतात. १० हवे असतील तर बोंबील आठवायला हवा. तिसऱ्या-कालवं (शिंपले) आणि चिंबोरी (खेकडा) मासा धरायची की नाही, हे अक्षर निघण्याआधीच ठरवा. गुण मांडताना हा वाद निघाला तर डाव तिथेच मोडतो. ण आणि ळ आधीच वगळा. ‘ठ’ला मासा कुणालाच सुचला नाही तर त्या फेरीपुरता तो रकाना रद्द.