मृगबागेतील हरण्या: औषध शोधण्यापेक्षा रोगट झाड शोधा

मृगबागेतील, म्हणजे जून-जुलैत लावलेली, ऊतीसंवर्धित (टिश्यू कल्चर) केळी कोवळी असतानाच ढगाळ हवा, रिमझिम आणि मधूनच उघडीप असे वातावरण आले, की जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावल पट्ट्यात हरण्याचे नाव निघते. हा रोग काकडी मोझॅक विषाणूमुळे (सीएमव्ही) होतो. लागण झालेले झाड बरे करणारे औषध नाही, मग दुकानदार काहीही सांगो.

विषाणू म्हणजे प्रथिनाच्या कवचातला आरएनए (जनुकीय माहितीचा रेणू), आकार जेमतेम २९ नॅनोमीटर. केळीच्या पेशीची भित्तिका त्याला स्वतःहून ओलांडता येत नाही. मावा ही रस शोषणारी बारीक कीड सोंड टोचून पान चाखते तेव्हा होणाऱ्या जखमेतून विषाणू आत शिरतो. आत कवच सुटते आणि पेशीची प्रथिने बनवणारी यंत्रणाच त्याचा आरएनए वाचून त्याच्यासाठी राबू लागते. तयार होणाऱ्या प्रथिनांपैकी काही नव्या प्रती काढतात, एक शेजारच्या पेशीकडे जाणारी वाट रुंद करते, तर एक झाडाची प्रतिकार यंत्रणा दाबते. पुढे अन्नवाहिन्यांतून विषाणू पोंग्यापर्यंत, म्हणजे शेंड्याच्या न उलगडलेल्या पानापर्यंत पोहोचतो. म्हणूनच लक्षणे नव्या पानांवर दिसतात. स्ट्रेप्टोसायक्लीन हे प्रतिजैविक किंवा ताम्रयुक्त बुरशीनाशक मारून उपयोग नाही, कारण इथे मारायला जिवाणू किंवा बुरशी नाहीच.

सुरुवातीला पानावर शिरांना समांतर पिवळसर पट्टे उमटतात. पुढे पाने अरुंद, वेडीवाकडी होतात, कडा वर वळतात, पोंगा सडतो. लोहाच्या कमतरतेतही नवी पाने पिवळी पडतात, पण तेव्हा चुनखडीचा अख्खा पट्टा एकसारखा पिवळा दिसतो. हरण्याची झाडे सुरुवातीला निरोगी झाडांत एकेकटी विखुरलेली सापडतात.

लागवडीपासून पहिले चार महिने दर आठवड्याला प्रत्येक ओळ फिरून पाहा. संशयित झाड दिसले की आधी त्यावर आणि भोवतालच्या झाडांवर मावानाशक फवारा, मगच उपटा. उलटे केले तर हलवलेल्या झाडावरचा पंखवाला मावा विषाणू घेऊन शेजारी जातो. झाड कंदासकट काढून बागेबाहेर खोल पुरा किंवा जाळा. बांधावर टाकू नका. कंद जमिनीत राहिला तर त्याला येणारे पिल (कंदाला फुटणारे नवे रोप) रोगटच असते. नांग्या (झाड काढल्याने रिकाम्या झालेल्या जागा) लगेच भरा, आणि त्या विषाणू-चाचणी झालेल्या रोपांनीच.

फवारणीकडून किती अपेक्षा ठेवायची, याचा बहुतेकांचा अंदाज चुकतो. मावा रोगट पानावर काही सेकंद टोचून विषाणू उचलतो आणि तितक्याच वेळात निरोगी झाडाला देतो. कीटकनाशकाने तो मरेपर्यंत लागण होऊन गेलेली असते. फवारणीने बागेतली माव्याची संख्या आटोक्यात राहते, बाहेरून उडत येणारा मावा थांबत नाही. बागेतला मावा आटोक्यात ठेवण्यासाठी इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल ५ मिलि किंवा थायामेथोक्झाम २५ डब्ल्यूजी २ ग्रॅम प्रति १० लिटर पाणी, स्टिकर (औषध पानाला चिकटवणारे द्रव्य) मिसळून, आलटून-पालटून वापरा. लेबलवरील सूचना पाळा. मधल्या फवारणीला निंबोळी तेल ५० मिलि प्रति १० लिटर चालते. पानांची खालची बाजू आणि पोंगा भिजला पाहिजे.

काकडी, कारली, भोपळा, टरबूज, मिरची, टोमॅटो, चवळी हे सगळे या विषाणूचे यजमान आहेत, म्हणजे त्यांच्यातही तो वाढतो. ती पिके केळीत आंतरपीक म्हणून घेऊ नका, लगतच्या शेतातही टाळता आली तर उत्तम. कपाशीवरचा मावाही हाच विषाणू पसरवतो, त्यामुळे कपाशीच्या बाजूच्या ओळी आधी तपासा. केना हे तण विशेष घातक, कारण बाग मोकळी असतानाही विषाणू त्यात टिकून राहतो. तणे लागवडीआधीच काढून ठेवा. उभ्या बागेत काढायची झाली तर आधी त्यांवर मावानाशक फवारून मग निंदणी करा.

रोगट बागेतले पिल पुढच्या लागवडीला वापरू नका, ते दिसायला कितीही जोमदार असले तरी. कारण लागण झाल्यावर लक्षणे दिसायला काही आठवडे जातात.