सॉक्सवरून तानपुरा लावताना या चुका टाळा

सॉक्स हा टर्मिनलमधून चालणारा छोटासा प्रोग्राम. कंपनसंख्या सांगितली की तो तेवढ्याचा स्वर वाजवतो, आणि त्यातला ‘प्लक’ हा प्रकार तार छेडल्यासारखा आवाज काढतो. फुकट आहे, नेट लागत नाही, रियाजाच्या मध्येच जाहिरात येत नाही. गिटारच्या सहा तारा लावायचं उदाहरण तर त्याच्या मॅन्युअलमध्येच आहे. तेच उदाहरण जसंच्या तसं तानपुऱ्यावर चालवलं की गडबड होते. तानपुऱ्यासाठी सॉक्सकडून फक्त षड्ज घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते पुढे येईलच.

आज्ञा साधी आहे: प्ले -एन सिंथ ४ प्लक १३८.५९ रिपीट १०. (टाइप करताना रोमन अक्षरं आणि इंग्रजी अंक.) चार सेकंदांची एक छेड, आणि तिच्या आणखी दहा आवृत्त्या.

सप्तकाचा आकडा न लिहिणं

ही चूक सगळ्यात महागात पडते. आकड्याऐवजी स्वराचं पाश्चात्त्य नावही देता येतं, अक्षर मात्र कॅपिटल हवं. काळी एक म्हणजे सी शार्प. पण नुसतं ‘सी शार्प’ लिहिलं तर सॉक्स चौथं सप्तक धरतो आणि २७७.१८ हर्ट्झ वाजवतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या तानपुऱ्यात जोडाच्या (मधल्या, षड्जाच्या दोन) तारा त्याच्या निम्म्यावर, म्हणजे १३८.५९ वर असतात आणि खर्ज (सगळ्यात खालच्या षड्जाची तार) ६९.३० वर. वरच्या सप्तकाच्या मागे लागून खुंटी पिळत गेलात तर जोडाची तार तुटणार, आणि तुटलेली पोलादी तार डोळ्याच्या दिशेनेही उडू शकते. म्हणून नावापुढे ३ लिहा, नाहीतर सरळ हर्ट्झमध्येच आकडा द्या. खुंटी फिरवण्याआधी तो स्वर स्वतः गाऊन बघा. गळ्याला तो सहज लागत नसेल तर सप्तक चुकलंय.

पंचम तक्त्यातून घेणं

बहुतेकांचा तानपुरा ‘लागलाय पण बोलत नाही’ तो इथे. स्वरांच्या तक्त्यात खालच्या जी शार्पसमोर, म्हणजे काळी एकच्या पंचमासमोर, १०३.८३ हर्ट्झ दिसतात. ही संख्या सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून आलेली आहे. तानपुऱ्याचा पंचम खर्जाच्या बरोबर दीडपट हवा: ६९.३० (नेमकं ६९.२९६) गुणिले दीड, म्हणजे १०३.९४. फरक ०.१२ हर्ट्झच्या आसपास. एवढ्याने काय बिघडतं? जोडाचा तिसरा उपस्वर (उपस्वर म्हणजे तारेच्या मूळ स्वरासोबत निघणारे, त्याच्या पटीतले वरचे स्वर) आणि पंचमाचा चौथा उपस्वर ४१५ हर्ट्झच्या आसपास एकमेकांवर यायला हवेत. तक्त्यातल्या पंचमाने त्यांच्यात जवळजवळ अर्ध्या हर्ट्झचं अंतर राहतं, आणि साधारण दर दोन सेकंदांनी आवाज एकदा फुगतो, एकदा बसतो. जवारी (तार झणझणत ठेवणारी घोडीच्या माथ्याची घडण) चांगली असेल तर उपस्वर ठळक होतात, त्यामुळे हा हेलकावा अधिकच जाणवतो.

पंचमाऐवजी निषाद लावायचा असेल, मारव्यासारख्या रागासाठी, तर तक्ता आणखी फसवतो. तक्त्यातला निषाद १३०.८१ आहे, शुद्ध प्रमाणातला, म्हणजे खर्जाच्या पंधरा अष्टमांश पट, १२९.९३. हा फरक सेंटमध्ये (अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) बारा भरतो आणि कोणालाही ऐकू येतो. मालकंसाच्या मध्यमात तो जेमतेम दोन सेंटचा आहे.

सॉक्समध्ये यावर उपाय आहे: ‘सिंथ’नंतर लगेच -जे लिहून षड्जाचं नाव दिलं की पुढच्या स्वरांची नावं तो शुद्ध प्रमाणात मोजतो. पण ही सोय स्वराच्या नावांपुरतीच आहे. हर्ट्झमध्ये आकडा दिलात तर -जे चा काही परिणाम होत नाही.

त्याहून चांगला उपाय म्हणजे जोड लागला की टर्मिनल बंद करणं. खर्ज जोडाशी मिळवा, मग पंचम त्या दोघांशी. हेलकावे संथ होत होत थांबेपर्यंत मणी (तारेत ओवलेला, बारीक लावण्यासाठीचा) अगदी थोडा थोडा सरकवा. खर्जातून स्वयंभू (न छेडता उपस्वरातून आपोआप उमटणारा) गंधार मोकळा ऐकू येऊ लागला की काम जमलं. हा गंधार तक्त्यातल्या गंधारापेक्षा चौदा सेंट खाली असतो. त्यामुळे तो यंत्राशी ताडून बघू नका.

साइन लहरीशी पंचम जुळवणं

प्रकार सांगितला नाही तर सॉक्स साइन लहर वाजवतो. तिला उपस्वर नसतात. जोडाची तार तिच्याशी जुळवता येते, कारण दोघांचा मूळ स्वर एकच. पण १३८.५९ ची साइन लावून पंचम छेडलात तर हेलकावे येतच नाहीत आणि तार लागल्याचा भास होतो. ‘प्लक’च वापरा.

लॅपटॉपच्या स्पीकरवर खर्ज

६९ हर्ट्झ त्या स्पीकरमधून जवळपास निघतच नाही. ऐकू येतात ते वरचे उपस्वर. आवाज वाढवून उपयोग नाही. हेडफोन लावा, किंवा खर्ज जोडावरून मिळवा.

पेटी ४४० वर असेल असं धरून चालणं

सॉक्सचा सगळा हिशेब ४४० हर्ट्झच्या ‘ए’ या स्वरावर चालतो. साथीची पेटी तशी असेलच असं नाही, आणि कार्यक्रमात तानपुऱ्याला पेटीकडेच जावं लागतं. पेटीचा षड्ज धरून ठेवा आणि सॉक्समधला आकडा १३८.५९ वरून १३९, १३९.५, १४० असा बदलत जा. हेलकावे थांबतील तो तुमचा आकडा. लिहून ठेवा.

आवाजच येत नाही?

इनपुट फाइलचं नाव दिलेलं नाही अशी तक्रार आली तर -एन राहून गेलंय. विंडोजवर ‘प्ले’ ही आज्ञा नसते, तिथे सॉक्स -एन -टी वेव्हऑडिओ आणि पुढे सिंथ. उबुंटूवर लिबसॉक्स-एफएमटी-ऑल हे पॅकेज कधी कधी वेगळं घालावं लागतं. सेकंद सांगितले नाहीत तर स्वर थांबतच नाही, कंट्रोल-सी दाबा. दोन स्वर एकत्र मागितलेत तर एक डाव्या कानात, दुसरा उजव्या कानात जातो. शेवटी ‘रीमिक्स -’ जोडलं की ते मिसळतात.

सगळं बरोबर असूनही तार उतरत राहिली तर दोष वाद्यात शोधा. खुंटी घसरत असेल तर तिला खडू लावा. घोडीवरचं सूत (तारेखालचा दोरा) खुंटीचं काम संपल्यावरच सरकवा, आधी नाही. चारही तारा लागल्या की जोड पुन्हा तपासा. बाकीच्या तारा ताणल्यावर दांडीवरचा भार वाढतो आणि आधी लावलेल्या तारा किंचित उतरतात.