डोमेन नोंदवताना नाव लपवावे की द्यावे? या चुका टाळा

वायगावची हळद किंवा भिवापूरची मिरची विकणाऱ्या शेतकरी कंपन्या आणि बचत गट आता स्वतःचे संकेतस्थळ काढू लागले आहेत. मात्र डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे इंटरनेटवरचे नाव, कोणाच्या नावावर नोंदवले गेले, हे बहुतेकांना अडचण आल्यावरच कळते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे संकेतस्थळ बनवून देणाऱ्या तालुक्याच्या मुलाच्या नावाने व त्याच्याच ई-मेलवर नोंदणी होऊ देणे. पैसे गटाने भरले तरी नोंदीत ज्याचे नाव, तोच धारक. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून शेत कसण्यातलाच हा प्रकार आहे. तो मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला की नूतनीकरणाच्या सूचना त्याच्या बंद पडलेल्या ई-मेलवर जात राहतात. मुदत संपलेले डॉट कॉम नाव रद्द झाले, तर त्यानंतरच्या ३० दिवसांत जबर शुल्क भरून ते परत मिळवता येते. पुढे ते कोणीही घेऊ शकतो. म्हणून ‘संस्था’ या रकान्यात गटाचे नोंदणीकृत नाव आणि संपर्कासाठी गटाचाच ई-मेल असावा.

दुसरी चूक भीतीपोटी होते. नको ते फोन येतील म्हणून काही जण खोटा पत्ता किंवा भलताच मोबाइल क्रमांक देतात. डोमेन नावांची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमांनुसार जाणूनबुजून खोटी माहिती देणे किंवा माहितीबाबत रजिस्ट्रारने (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीने) विचारणा केल्यावर १५ दिवसांत उत्तर न देणे, हे डोमेन निलंबित वा रद्द होण्याचे कारण ठरते. नवे संकेतस्थळ पंधरवड्यातच अचानक बंद पडले, तर आधी स्पॅममध्ये रजिस्ट्रारने नोंदणीनंतर पाठवलेला पडताळणीचा ई-मेल उत्तराविना पडून आहे का, ते पाहावे.

खरे तर खोटे लिहिण्याची गरजच उरलेली नाही. युरोपचा खासगी माहितीविषयीचा कायदा मे २०१८ मध्ये लागू झाल्यापासून बहुतेक रजिस्ट्रार व्यक्तीचे नाव-पत्ता जाहीर नोंदीत झाकतात. ही माहिती रजिस्ट्रारच्या दप्तरी मात्र असते. डॉट इनसाठी नाव झाकणारी प्रॉक्सी सेवा चालत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे. वाळूचोरीविरुद्ध लिहिणाऱ्या गावकऱ्याने जाहीर नोंदीत नाव न दाखवणे मला रास्त वाटते. ऑनलाइन माल विकणाऱ्याला मात्र ती सवलत नाही, कारण २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने आपले नाव, पत्ता व संपर्क संकेतस्थळावरच द्यायचा असतो.

पीकविम्याच्या नावाने बनावट संकेतस्थळ आढळले आणि नोंदीत मालकाचे नाव झाकलेले दिसले, की लोक तक्रारीचा नाद सोडतात. त्याच नोंदीत रजिस्ट्रारचे नाव आणि गैरवापराच्या तक्रारीसाठीचा ई-मेल असतो. तिथे पडद्याच्या छायाचित्रांसह (स्क्रीनशॉट) पुरावे पाठवावेत. डॉट कॉमसारख्या नावांच्या बाबतीत फसवून माहिती उकळण्याचा (फिशिंग) ठोस पुरावा मिळाल्यावर कारवाई करणे एप्रिल २०२४ पासून रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. पैसे गेले असतील, तर त्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.