सूर बिघडतो तो क्रियापदाच्या टोकाला : नोटीस, अर्ज आणि सांत्वनाचा मजकूर लिहिताना या चुका टाळा

सोसायटीची सचिव झाल्यावर मी लिहिलेली पहिली नोटीस अशी होती : "आपण गेल्या तीन महिन्यांचा देखभाल खर्च भरलेला नाही. तो आपण त्वरित भरायचा आहे." लिफ्टशेजारच्या फळ्यावर ती लागली आणि संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरचे काका हसत दारात उभे. "म्हणजे तुम्हीपण भरला नाहीत का हो?"

मला म्हणायचं होतं आदरार्थी 'तुम्ही'. त्यांनी वाचलं 'तुम्हीआम्ही सगळे'. मराठीतला 'आपण' ही दोन्ही कामं करतो. बोलताना चेहरा समोर असतो म्हणून खपून जातं, फळ्यावर खपत नाही. आणि खरी चूक तर त्याहून मोठी होती. ३२ घरांपैकी बाकी होती ४ घरांची. उरलेल्या २८ जणांना मी विनाकारण बोल लावला होता. ज्यांना लागायला हवं होतं त्यांना काहीच लागलं नाही, कारण सगळ्यांना उद्देशून लिहिलेलं आपल्यासाठी नसतंच, असं बाकीदार नेहमी धरून चालतात.

ती नोटीस मी काढली. चार घरांना चार वेगळ्या चिठ्ठ्या गेल्या : "तुमच्याकडे एप्रिल ते जून या तीन महिन्यांची बाकी आहे. १५ तारखेपर्यंत भरावी, ही विनंती. काही अडचण असेल तर मला सांगा." त्यातल्या शेवटच्या वाक्यावर समितीतल्या एकांनी नाक मुरडलं. पण त्याच वाक्यामुळे दोघांचे फोन आले.

'कृपया' लावलं की झालं, ही समजूत

मराठीत विनंतीचा सगळा भार क्रियापदाच्या शेपटीवर असतो. एकच काम बघा : पाठव. पाठवशील का? पाठवा. पाठवाल का? पाठवावे. पाठवावे, ही विनंती. पाठविण्यात यावे. सात पायऱ्या झाल्या आणि 'कृपया' अजून एकदाही आलेला नाही. उलट "कृपया गाडी काढा" ही चक्क दटावणी आहे, आणि "गाडी जरा पुढे घ्याल का?" ही विनंती, त्यात 'कृपया' नसूनही.

लिहायला बसताना आधी पायरी ठरवावी, मग मजकूर. आणि एका मजकुरात एकच पायरी ठेवावी. "तुम्ही फॉर्म भरा व त्यासोबत पावती जोडण्यात यावी" असं वाक्य सुरू होतं शेजाऱ्यासारखं आणि संपतं तहसील कचेरीत. वाचणाऱ्याला कळत नाही की आपल्याशी कोण बोलतंय.

पायरी फार वर गेली तरी बिघडतं. प्लंबरला व्हॉट्सॲपवर "उद्या सकाळी ९ वाजता उपस्थित राहावे" असं आमच्या खजिनदारांनी पाठवलं होतं. तो आला नाही. मी लिहिलं, "दादा, उद्या नऊला याल का? चौथ्या मजल्यावरचा नळ गळतोय." लगेच अंगठा आला. त्याला पहिला मेसेज कळला नव्हता असं नाही. तो आपल्यालाच आहे असं वाटलं नव्हतं.

अर्जात राग, आणि रागाच्या नादात पत्ताच नाही

पाण्याचा दाब कमी झाला तेव्हा एका रहिवाशांनी अर्जाचा कच्चा मसुदा आणून दिला. पहिलंच वाक्य : "आपल्या भोंगळ कारभारामुळे आम्ही नागरिक त्रस्त झालो असून, आम्ही कर भरतो तो काय यासाठीच?" पुढे दीड पान असंच. त्यात इमारतीचा पत्ता नव्हता, दाब कधीपासून कमी झाला ते नव्हतं आणि नक्की काय करायला हवं तेही नव्हतं.

राग खोटा होता असं मी म्हणत नाही. पण अर्ज आधी आवक विभागात जातो, तिथून टेबलाटेबलांवर फिरतो आणि शेवटी ज्याच्यापुढे पडतो त्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो : यात मी करायचं काय? ते तीन ओळींत सापडलं नाही तर कागद ढिगात खाली जातो. आम्ही तो मसुदा असा केला :

"प्रति, उपअभियंता, पाणीपुरवठा विभाग.
विषय : गेल्या १२ दिवसांपासून कमी दाबाने होत असलेल्या पाणीपुरवठ्याबाबत.
महोदय, आमच्या इमारतीत (नाव, पूर्ण पत्ता) ३२ कुटुंबे राहतात. १२ दिवसांपासून सकाळच्या वेळेत तळमजल्याची टाकी निम्मीही भरत नाही. शेजारच्या दोन्ही इमारतींत दाब नेहमीसारखा आहे, त्यामुळे बिघाड आमच्या जोडणीत असावा असे वाटते. कृपया जोडणीची पाहणी करून दुरुस्ती करावी, ही विनंती."

शेजारच्या इमारतींचं वाक्य महत्त्वाचं आहे. तक्रार वाचून कामाला सुरुवात कुठून करायची ते त्यात आहे. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्यायची. आठवडाभरात काही झालं नाही तर स्मरणपत्र, आणि त्यात राग दाखवायची जागा म्हणजे संदर्भाची ओळ : "संदर्भ : आमचा दि. ३ चा अर्ज, आवक क्रमांक अमुक." ही ओळ वाचून टेबलामागचा माणूस सावरून बसतो. 'भोंगळ' हा शब्द त्याने दिवसातून दहादा वाचलेला असतो.

याच्या उलट टोकाची चूकही तितकीच दिसते : नागरिकाने शासनाच्या आवाजात लिहिणं. "उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस सविनय सादर करण्यात येते की..." १९६४च्या राजभाषा अधिनियमानंतर सरकारी कारभार मराठीत आणायचा तर परिभाषा घडवणं भाग होतं, आणि भाषा संचालनालयाने ते काम केलं. त्यावर हसायचं कारण नाही. पण 'करण्यात येते' मध्ये कर्ता लपलेला असतो. कार्यालयाला तो लपवावा लागतो, कारण निर्णय कार्यालयाचा असतो, सही करणाऱ्या व्यक्तीचा नव्हे. अर्जदाराने स्वतःला कशाला लपवायचं? "मी विनंती करते" लिहावं.

माहितीच्या अर्जात 'का?'

माहिती अधिकाराचा अर्ज हा वेगळाच प्राणी आहे. तक्रारीच्या सुरात लिहिलेला असा अर्ज बहुधा वाया जातो. २००५च्या या कायद्यात 'माहिती' म्हणजे नोंदीत असलेली, कार्यालयाकडे उपलब्ध असलेली गोष्ट. "रस्ता का केला नाही?" याचं उत्तर नोंदीत असेलच असं नाही, आणि कारणं किंवा समर्थन विचारणं माहितीच्या व्याख्येत बसत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ साली म्हटलं आहे. म्हणून 'का' चं 'कोणता कागद' करायचं. "अमुक रस्त्याच्या कामाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने आणि अदा केलेल्या देयकांच्या प्रती मिळाव्यात." हे कागद हातात आले की 'का' आपोआप कळतं.

महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ साली झालेल्या बदलानुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, अशी मर्यादा आहे. तेवढ्यात आपली कर्मकहाणी बसत नाही, आणि सांगायची गरजही नाही. माहिती कशासाठी हवी ते सांगणं कायद्याने बंधनकारक नाही. तरीही लोक अर्धा अर्ज त्यातच घालवतात. मीही एकदा घालवला होता. उत्तर आलं, "आपला अर्ज माहितीच्या स्वरूपात नाही." राग आला, पण बरोबर होतं.

'असे' आणि 'असं' एकाच पानावर

ही चूक शिकलेल्या माणसांत जास्त. "सभा झाली. त्यात असे ठरले की गच्ची भाड्याने द्यायची नाही. मग सगळ्यांनी चहा घेतला आणि छान वाटलं." पहिली दोन वाक्यं इतिवृत्ताची, शेवटचं गप्पांचं. साहित्य महामंडळाच्या लेखन नियमांत याची सोय आहे : बोलण्याचा ढंग आणायचा असेल तिथे शेवटच्या अक्षरावर अनुस्वार, असं, केलं, वाटलं. इतरत्र एकार, असे, केले, वाटले. दोन्ही शुद्ध आहेत. निवड सुराची आहे. इतिवृत्त, अर्ज, दाखला, जाहीर सूचना यांत एकार. व्हॉट्सॲप, आठवणी, भाषणाचा मसुदा, असला लेख यांत अनुस्वार. लिहून झाल्यावर फक्त क्रियापदांवरून बोट फिरवा, सरमिसळ दोन मिनिटांत सापडते. 'करण्यात', 'ठरविण्यात' आणि 'करायला', 'ठरवायला' यांचंही तसंच.

श्रद्धांजली कोणाला, सांत्वन कोणाचं

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथली चूक माणसाच्या लक्षात राहते.

कोणी गेलं की ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' ची रांग लागते. ग्रुपवर ते ठीक. पण तेच शब्द आपण गेलेल्या माणसाच्या मुलाला, त्याच्या वैयक्तिक नंबरवर पाठवतो. श्रद्धांजली वाहायची असते ती गेलेल्याला. मुलाला हवं असतं सांत्वन. त्याला लिहायचं तर त्याच्याशी बोला : "वहिनी गेल्याचं कळलं. मला त्यांच्या हातची भाजणी आठवली. या आठवड्यात डबा मी पाठवते, नको म्हणू नकोस." यात एकही जड शब्द नाही. एक खरी आठवण, एक ठरावीक मदत. "काही लागलं तर सांग" हे आपण मनापासून म्हणतो, पण घरात मृत्यू झालेला माणूस सांगत नाही. त्याऐवजी काय करणार ते लिहा.

नावाआधी काय लावायचं हेही तपासायला हवं. 'कै.' म्हणजे कैलासवासी. सवयीने आपण ते सगळ्यांना लावतो. वारकरी घरात 'वै.', म्हणजे वैकुंठवासी, लिहितात. बौद्ध कुटुंबांत 'कालकथित' म्हणण्याची पद्धत आहे. मुस्लिम व्यक्तीसाठी 'पैगंबरवासी' आणि ख्रिस्ती व्यक्तीसाठी 'ख्रिस्तवासी' हे शब्द मराठीत रुळलेले आहेत. खात्री नसेल तर 'दिवंगत' कुठेही चालतं. आमच्या फळ्यावर एका बौद्ध शेजाऱ्यांच्या नावापुढे मी 'कै.' लिहिलं होतं, आणि खाली "ईश्वर मृतात्म्यास सद्गती देवो". त्यांची मुलगी काही बोलली नाही. जलदान विधीची पत्रिका तिने मला हातात आणून दिली, त्यावर 'कालकथित' होतं. मी खाली जाऊन फळा पुसला आणि पुन्हा लिहिला.

पत्रिकेतले बिरुदांचे खड्डे

थोडक्यात. 'चि. सौ. कां.' म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, हे लग्न ठरलेल्या मुलीसाठी. लग्न झालेलीच्या नावामागे ते लावलेलं पाहिलं आहे. जुन्या मायन्यात स्वतःच्या आईवडिलांना 'तीर्थरूप' आणि त्या मानाच्या इतर वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप' असा फरक होता. आता तो फारसा कोणी पाळत नाही, पण आजोबांना पत्र लिहिताना पाळलात तर त्यांना कळेल. 'गं. भा.' मात्र विचारल्याशिवाय कोणालाही लावू नये. एप्रिल २०२३मध्ये विधवांसाठी 'गंगा भागीरथी' असा शब्द सरकारी पातळीवर सुचवला गेला तेव्हा केवढा वाद झाला ते आठवत असेल. 'श्रीमती' लिहावं, नाहीतर नुसतं नाव.

यंत्राने लिहिलेला गोडवा

अलीकडची भर. "मला आशा आहे की हा संदेश आपल्याला उत्तम आरोग्यात सापडेल." "आपल्याला कळविण्यास आम्ही उत्साहित आहोत." असं मराठी माणूस बोलत नाही. पत्राच्या सुरुवातीला ख्यालीखुशाली विचारायची आपली रीत होती, पण ती ओळखीच्या माणसाला. अनोळखी अधिकाऱ्याला 'स. न. वि. वि.' पुरतं, किंवा थेट विषय. भाषांतर करून घेतलेला मजकूर मोठ्याने वाचा, जिथे जीभ अडते तिथे खोडा.

सूर चुकलाच तर

पाठवून झाल्यावर कळलं की शब्द लागला, तर लांबलचक खुलासा लिहू नका. "माझा हेतू तसा नव्हता, आपला गैरसमज झाला" यात दोष पुन्हा समोरच्यावरच जातो. ज्या माध्यमातून चूक झाली त्याच्यापेक्षा एक पायरी जवळ जावं. फळ्यावर चुकलं तर मेसेज, मेसेजमध्ये चुकलं तर फोन, फोनवर चुकलं तर दारात.

त्या २८ घरांसाठी मी दुसऱ्या दिवशी ग्रुपवर टाकलेला मेसेज एवढाच होता : "कालची नोटीस चारच घरांना द्यायची होती, मी सगळ्यांना लावली. चूक माझी. तुमची सगळ्यांची पावती वेळेत आहे." दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचं उत्तर आलं : "मग 'आपण' निवांत झोपायचं ना?"