सहा तास कानावर राहील असा हेडफोन कसा निवडावा

दुकानात पाच मिनिटं डोक्यावर ठेवला तर जवळजवळ प्रत्येक हेडफोन बरा वाटतो. तिसऱ्या तासाला मात्र टाळूवरची एखादी जागा ठणकायला लागते, कान तापतात, चष्म्याची काडी कानामागे रुतते आणि लेक्चरवरचं लक्ष उडून हेडफोनवर जातं. अभ्यासिकेत दिवसभर व्हिडिओ बघणारे, रेकॉर्डिंग ऐकून टाइप करणारे, घरून मीटिंगा करणारे अशा सगळ्यांचा हा रोजचा त्रास. मूळ एकच. बाहेरचा आवाज अडवायचा तर कानाभोवती फट राहता कामा नये, आणि फट बुजवायचा सोपा मार्ग म्हणजे डोकं चिमट्यात धरल्यासारखं दाबणं. हेडफोन निवडताना बघायचं ते एवढंच, की फट पकडीच्या जोरावर बुजते आहे की पॅडच्या मऊपणामुळे.

१. आधी आवाज ओळखा

जिथे बसून ऐकणार तिथे दहा मिनिटं नुसते बसा. पंखा, एसी, कूलर, बसचं इंजिन अशी एकसुरी घरघर असेल तर नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे एएनसी, कामाचं. कपवरचे, म्हणजे कानावर बसणाऱ्या वाटीवरचे, माइक बाहेरचा आवाज टिपतात आणि त्याच्या बरोबर उलट लहर आत सोडली जाते. हे जमतं ते मुख्यतः खालच्या पट्टीत, साधारण १००० हर्ट्झच्या आत. बोलणं, भांड्यांचा खणखणाट, कुकरची शिट्टी अडवायला कपचं बंद कवच आणि पॅडच लागतात. म्हणूनच एएनसी सुरू केल्यावर शेजारच्या टेबलावरची कुजबुज उलट जास्त स्पष्ट ऐकू येते. यात हेडफोनचा दोष नसतो. कुजबुज झाकणारी पंख्याची घरघर तेवढी गेलेली असते.

काही जणांना एएनसीमुळे कानात दडे बसल्यासारखं वाटतं. तुम्ही त्यांतले असाल तर ते पहिल्या अर्ध्या तासातच कळेल, आणि मग एएनसीसाठी जादा पैसे मोजू नका.

२. प्रकार ठरवा

पूर्ण कान आत घेणारा, मागून बंद कपचा ओव्हर-इअर हा लांब बैठकीसाठी पहिला पर्याय. कानाच्या पाळीवर टेकणारे ऑन-इअर तासाभरात पाळी दुखवतात आणि आवाजही नीट अडवत नाहीत; ते सरळ सोडून द्या. कपच्या मागे जाळी असलेले ओपन-बॅक ऐकायला मोकळे वाटतात, पण बाहेरचं सगळं आत येतं आणि तुमचं लेक्चर शेजाऱ्यालाही ऐकू जातं. उकाडा फार असेल किंवा चष्म्याची काडी जाड असेल तर कानात बसणारे इन-इअर बरे. त्यांच्याबद्दल पुढे.

३. पट्टी घ्या आणि कान मोजा

हे कुणी करत नाही, आणि निम्मे चुकीचे हेडफोन इथेच विकले जातात. आरशासमोर उभं राहून कानाची उंची आणि रुंदी मोजा. पाळी डोक्यापासून किती बाहेर येते तेही बघा. पॅडच्या आतलं भोक कानापेक्षा चारी बाजूंनी थोडं मोठं हवं. उंची ६० ते ६५ मिलिमीटर असलेल्या कानाला ५५ चं गोल भोक म्हणजे कडा दिवसभर पाळीवर. खोली किमान २० मिलिमीटर असावी. त्याहून कमी असली तर कानाचं टोक आतल्या कापडाला टेकतं. सुरुवातीला ते जाणवतही नाही. दोन तासांनी तेवढीच जागा लाल होते.

वजन २५० ग्रॅमच्या आसपास असलं तर उत्तम, ३०० च्या वर गेलं तर मान आणि टाळू दोन्ही तक्रार करतात. अ‍ॅपलचा एअरपॉड्स मॅक्स सुमारे ३८५ ग्रॅमचा आहे. डोक्यावर जाळीचा पट्टा देऊन त्यांनी वजन पसरवलंय खरं, पण मान खाली घालून वहीत लिहिणाऱ्याला ते जाणवतंच.

पकडीचा हिशेब दोन जुन्या स्टुडिओ हेडफोनवरून छान कळतो. सेनहायझर एचडी २८० प्रो आवाज ३२ डेसिबलपर्यंत अडवतो असं कंपनी सांगते, आणि त्याची पकड सुमारे ६ न्यूटन, म्हणजे अंदाजे ६०० ग्रॅम वजनाचा दाब. बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो १८ डेसिबलच्या आसपास अडवतो, पकड ३.५ न्यूटन, पॅड मखमली. पहिला शांतता जास्त देतो, दुसरा डोक्यावर आहे हे विसरायला होतं. दिवसाला सहा तास असतील तर आम्ही दुसऱ्याच्या बाजूने कौल देऊ, आणि गोंगाट फारच असेल तर बसायची जागा बदलायला सांगू.

४. पॅड कशाचं आहे?

कृत्रिम चामड्याचं पॅड फट चांगली बुजवतं, पण घाम शोषत नाही. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत ते चिकटतं, आणि वर्षा-दोन वर्षांत त्याचे काळे पापुद्रे गालाला लागायला लागतात. मखमली किंवा कापडी पॅड हवा खेळती ठेवतं, पण त्यातून आवाज थोडा आत येतो आणि धूळही बसते. आतला फोम अंगठ्याने दाबून बघा. खड्डा सावकाश भरून आला तर तो मेमरी फोम. जबड्याच्या आणि चष्म्याच्या आकाराप्रमाणे तो बसतो, म्हणून कमी पकडीतही फट राहत नाही. टचकन वर आला तर साधा स्पंज, जो काही महिन्यांत चपटा होतो.

पॅड बदलता येतं का आणि सुटं मिळतं का, हे पैसे देण्याआधी विचारा. पॅड मिळत नसलं तर दोन वर्षांनी अख्खा हेडफोन टाकून द्यावा लागतो.

५. चष्मा, कुड्या, केस

चष्म्याची काडी पॅडखाली बोगदा करते. त्यातून खालचे स्वर गळतात, बाहेरची घरघर आत येते आणि एएनसीचा निम्मा फायदा जातो. बारीक, चपट्या काडीचा चष्मा आणि मेमरी फोम ही जोडी त्यातल्या त्यात चालते. कुड्यांची फिरकी पाळीमागे टोचते. लांब बैठकीला त्या काढून ठेवलेल्या बऱ्या. भिकबाळीचंही तेच. केस पॅडखाली अडकू देऊ नका, आणि अंबाडा हेडबँडच्या मागे येईल असा घाला.

६. तपासणी

दुकानात किंवा घरी पार्सल आल्यावर, काहीही न वाजवता अर्धा तास घालून बसा. शांततेत दुखणं लवकर कळतं. मान खाली घाला, वर करा, काहीतरी चावा. जबडा हलला की पॅड सुटतं का ते बघा. मग ढोल किंवा तबल्यातला डग्गा असलेलं गाणं लावा आणि दोन्ही कप तळव्यांनी हलके दाबा. दाबल्यावर ठोका एकदम भरीव झाला तर फट आहे. पॅड थोडं पुढे-मागे सरकवून, हेडबँडची लांबी बदलून पुन्हा बघा. तरीही फरक पडत असेल तर तो हेडफोन तुमच्या डोक्याचा नाही. ऑनलाइन घेत असाल तर परतीची अट आधी वाचा, कारण कानात घालायच्या वस्तू स्वच्छतेच्या कारणावरून बरेचदा परत घेत नाहीत.

मीटिंगा असतील तर आणखी एक. ब्लूटूथ हेडफोनचा स्वतःचा माइक सुरू झाला की लॅपटॉप बरेचदा कॉलच्या मोडमध्ये जातो आणि आवाज जुन्या टेलिफोनसारखा चपटा होतो. माइक लॅपटॉपचा निवडा, किंवा ३.५ मिलिमीटरची वायर लावा.

७. इन-इअर घेणार असाल तर

इथे सगळा खेळ टिपांचा, म्हणजे कानाच्या नळीत जाणाऱ्या मऊ टोप्यांचा. डब्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा तीन जोड्या असतात. दोन्ही कानांना वेगळी मापं लागू शकतात, त्यात काही गैर नाही. फोमची टिप बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढा, टिप आत सरकवा आणि २०-३० सेकंद धरून ठेवा. सोडली की ती फुगून नळी बुजवते. घाईने सोडली तर बाहेर सरकते, आणि मग लोक हेडफोनला नावं ठेवतात. वायर कपड्याला घासून आत खरखर येत असेल तर ती कानावरून मागे फिरवा. स्वतःचं बोलणं आणि चावणं आत घुमतं, ते कान बंद झाल्यामुळे, सवय होते. सिलिकॉनच्या टिपा काढून साबणाच्या पाण्याने धुवा. फोमच्या नीट धुता येत नाहीत, त्या दोन-तीन महिन्यांत बदलायच्या.

८. आवाजाची पातळी

जागतिक आरोग्य संघटनेचा प्रौढांसाठीचा हिशेब ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास असा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ ला २० तास, ९० ला फक्त ४. अडवण चांगली असेल तर लेक्चर हळू आवाजातही कळतं. बाहेर मात्र हेच उलटं पडतं: रस्त्यावर आणि रुळांजवळ हेडफोन गळ्यात.

घेतल्यावर पकड घट्टच वाटली तर डोक्याच्या रुंदीपेक्षा बोटभर जास्त होईल इतकी पुस्तकं रचा आणि हेडफोन रात्रभर त्यांवर चढवून ठेवा. सकाळी घालून बघा. कमी पडलं तर आणखी एक रात्र. हाताने ताणू नका, प्लॅस्टिकचा हेडबँड बिजागरीपाशी तडकतो. कप सैल होऊन हनुवटीकडे घसरायला लागले तर ताणणं जास्त झालंय.