लिनक्स वितरणांच्या पॅकेज-फाइली मूळ प्रकल्पात ठेवाव्यात का?

लातूर किंवा नांदेडच्या महाविद्यालयात तयार झालेला मुक्तस्रोत प्रोग्राम, समजा बाजार समितीतील सोयाबीनची आवक नोंदवणारा, डेबियन आणि फेडोरा या लिनक्स वितरणांवर (लिनक्सवर आधारलेल्या तयार संगणक-प्रणालींवर) सहज उपलब्ध व्हावा असे वाटत असेल, तर मूळ प्रकाशनाच्या टारबॉलमध्ये (सोर्स कोडच्या एकत्र बांधलेल्या फाइलमध्ये) ‘डेबियन’ नावाचे, पॅकेज बनवण्याच्या सूचनांचे फोल्डर घालू नये. डेबियनचे पॅकेजकर्ते ते स्वतःच तयार करतात, आणि ‘३.० क्विल्ट’ या डेबियनच्या सोर्स स्वरूपातील पॅकेज उलगडताना मूळ टारबॉलमधील त्या नावाचे फोल्डर काढूनच टाकले जाते. म्हणजे आपले श्रम तिथे वायाच. फेडोराची स्पेक फाइलही (पॅकेज कसे बनवायचे ते सांगणारी) फेडोराच्याच गिट भांडारात, म्हणजे फाइलींच्या आवृत्त्या जपणाऱ्या साठ्यात, राहते.

त्याऐवजी इन्स्टॉल करताना ‘प्रीफिक्स’ (प्रोग्राम शेवटी कुठल्या फोल्डरखाली बसेल) आणि ‘डेस्टडिर’ (पॅकेज बनवताना फाइली तात्पुरत्या कुठे ठेवायच्या) हे दोन्ही पाळले जातील असे पाहावे. परवान्याचा पूर्ण मजकूर, मॅन पेज (टर्मिनलवर वाचायची माहिती), डेस्कटॉप फाइल (मेनूत प्रोग्राम दाखवणारी) आणि गरज असल्यास सिस्टमडीची युनिट फाइल (प्रोग्राम सेवा म्हणून चालवणारी) मात्र मूळ प्रकल्पातच द्यावी, कारण त्या बहुतेक वितरणांना सारख्याच उपयोगी पडतात. बिल्ड (कोडपासून प्रोग्राम तयार करण्याचे काम) चालू असताना इंटरनेटवरून काहीही उतरवून घेऊ नये. डेबियनच्या मुख्य विभागात त्याला मनाईच आहे.

प्रयोगशाळेतील उबुंटूसाठी (डेबियनवर आधारलेले वितरण) डेब फाइल, म्हणजे इन्स्टॉल करायचे तयार पॅकेज, तातडीने हवीच असेल, तर ते ‘डेबियन’ फोल्डर वेगळ्या गिट शाखेत ठेवावे आणि प्रत्येक आवृत्तीला ते तपासणारी व्यक्ती आधी ठरवावी. तशी कोणी नसेल, तर ती शाखा न काढलेलीच बरी.