प्रोबेशनवर असताना वैद्यकीय गांजा : या चुका टाळा

अमेरिकेत कर्करोगाच्या किंवा जुनाट वेदनेच्या रुग्णाने डॉक्टरांच्या शिफारशीने, राज्याचे वैद्यकीय गांजाचे कार्ड काढून आणि परवानाधारक दुकानातूनच गांजा घेतला, तरीही त्याचे प्रोबेशन (म्हणजे तुरुंगाऐवजी न्यायालयाच्या अटींवर बाहेर राहण्याची मुभा) रद्द होऊन त्याला तुरुंगात जावे लागू शकते. अशा वेळी रुग्णाचा हेतू बहुधा वाईट नसतो. नियम नेमका कोणाचा आहे, हे त्याने तपासलेले नसते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे कार्ड हाच परवाना समजणे. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये वैद्यकीय गांजाला मुभा दिली आणि नंतर अनेक राज्ये त्या वाटेने गेली, परंतु केंद्र सरकारच्या १९७० च्या कायद्याने गांजा सर्वांत कडक अशा पहिल्या अनुसूचीत टाकला होता. म्हणूनच डॉक्टर गांजाचे प्रिस्क्रिप्शन लिहीत नाहीत, केवळ शिफारस करतात, आणि कार्ड जे संरक्षण देते ते राज्याच्या कायद्यापुरतेच असते. त्यामुळे शिक्षा राज्याच्या न्यायालयाने दिली आहे की केंद्रीय न्यायालयाने, हे आधी पाहावे. केंद्रीय प्रोबेशनमध्ये बेकायदा अमली पदार्थ न घेण्याची अट कायद्यानेच घातलेली असते आणि न्यायाधीशाला ती सहसा सैल करता येत नाही. मिनेसोटातील एका रुग्णाला जुनाट वेदनेसाठी राज्याच्या नियमांनुसार गांजा मिळत होता. तो तुरुंगवासानंतरच्या केंद्रीय देखरेखीखाली असल्याने त्याला तशी परवानगी देण्याचा अधिकारच न्यायालयाला नाही, असे आठव्या सर्किटच्या (म्हणजे काही राज्यांच्या केंद्रीय न्यायविभागाच्या) अपील न्यायालयाने २०१८ मध्ये ठरवले. राज्यांच्या वैद्यकीय गांजा योजनांच्या आड येण्यासाठी केंद्रीय न्याय विभागाने पैसा खर्च करू नये, अशी तरतूद संसदेने २०१४ मध्ये केली खरी. पण तिचा प्रोबेशनच्या अटींवर परिणाम होत नाही, असे नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केले. वेदनेने रात्र रात्र जागणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा नियम मला कठोर वाटतो, परंतु तो गृहीत धरूनच पुढचे पाऊल टाकले पाहिजे.

राज्याच्या न्यायालयांत चित्र बरेच वेगळे आहे. ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये, पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये आणि मिशिगनच्या अपील न्यायालयाने २०२१ मध्ये रुग्णांच्या बाजूने निर्णय दिले. कॅलिफोर्नियात तर प्रोबेशनवर असलेल्या रुग्णाला न्यायालयाकडे तशी परवानगी मागण्याची सोय कायद्यातच आहे. मात्र एका राज्याचा निर्णय दुसऱ्या राज्यात चालत नाही, आणि गुन्ह्याचे स्वरूप पाहून अपवादही केले जातात.

दुसरी चूक म्हणजे प्रोबेशन अधिकाऱ्याच्या तोंडी होकारावर विसंबणे. अटी न्यायालय घालते, त्यामुळे त्या बदलण्याचा अधिकारही न्यायालयाचाच असतो. शिवाय अधिकाऱ्याची बदली झाली की तो होकार सिद्ध करता येत नाही. वकिलामार्फत अर्ज करून लेखी आदेश मिळवावा, आणि तो हाती येईपर्यंत गांजा घेऊ नये.

लघवीच्या चाचणीबाबतचे गैरसमजही रुग्णांना अडचणीत आणतात. गांजातील टीएचसी हा नशा आणणारा घटक चरबीत साठत असल्याने, नियमित घेणाऱ्याने तो थांबवल्यावरही काही आठवडे चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून शेवटचे सेवन कधी झाले, हे पहिल्या चाचणीपूर्वीच वकिलाला सांगावे. केंद्रीय प्रोबेशनमध्ये पहिली चाचणी १५ दिवसांच्या आत होते, आणि वर्षभरात तीनपेक्षा अधिक चाचण्या पॉझिटिव्ह आल्यास उपचार-कार्यक्रमाचा अपवाद वगळता प्रोबेशन रद्द करणे न्यायालयाला भाग असते. भरपूर पाणी पिऊन नमुना पातळ करण्याचा प्रयत्न प्रयोगशाळेच्या लक्षात येतो आणि तोच अटींचा भंग ठरू शकतो. सीबीडी या नशा न आणणाऱ्या घटकाचे तेलही निर्धोक समजू नये. २०१८ च्या कृषी कायद्यातील मर्यादा ०.३ टक्के टीएचसीची आहे, शून्याची नाही, आणि ते टीएचसी कोठून आले हे चाचणी सांगत नाही. केमोथेरपीमुळे मळमळ होत असेल, तर १९८५ पासून मान्यताप्राप्त असलेल्या ड्रोनाबिनॉल या औषधाविषयी डॉक्टरांना विचारावे. तेही कृत्रिम टीएचसीच असल्याने चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. मात्र त्याचे रीतसर प्रिस्क्रिप्शन मिळते, आणि ते अधिकाऱ्याला आधीच दाखवून ठेवता येते.

अमेरिकेचे नागरिक नसलेल्या, म्हणजे एच-१बी किंवा ग्रीन कार्डावर राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी अधिक जपले पाहिजे. स्थलांतराच्या प्रकरणांत केंद्रीय कायदाच पाहिला जातो, आणि गांजा घेतल्याची नुसती कबुलीही नागरिकत्वाच्या अर्जाला बाधक ठरू शकते. म्हणून फौजदारी वकिलाबरोबरच स्थलांतर कायद्याच्या वकिलाचाही सल्ला घ्यावा. कार्ड असले तरी गांजा राज्याची सीमा ओलांडून नेऊ नये, आणि भारतात तर मुळीच आणू नये; येथे १९८५ चा एनडीपीएस हा अमली पदार्थांविषयीचा कायदा लागू होतो आणि अमेरिकेतील कार्डाला कोणतीही मान्यता नाही.

चाचणी पॉझिटिव्ह आलीच, तर घाबरून कबुलीजबाबावर सही करू नये आणि खोटेही बोलू नये. वकिलाशी बोलेपर्यंत थांबण्याची विनंती करावी. प्राथमिक चाचणीवर न थांबता प्रयोगशाळेतील पुष्टी-चाचणी मागावी, तसेच निकालातील गांजाच्या अंशाचा नॅनोग्रॅममधील आकडा आणि क्रिएटिनिनचे (लघवी किती पातळ आहे हे दाखवणाऱ्या घटकाचे) प्रमाण लेखी घ्यावे. सलग चाचण्यांत क्रिएटिनिनच्या तुलनेत तो आकडा उतरत गेलेला दिसला, तर हे सेवन जुने होते, नवे नव्हे, असे वकिलाला सुनावणीत मांडता येते.